पोपचा वकील किलकेनीत

आयर्लंडमधील किलकेनी हे नोअर नदीकाठचे लहानसे शहर. पण १६४२ पासून पुढची सहासात वर्षे ते जवळजवळ राजधानीच झाले होते. बंड करून उठलेल्या आयरिश कॅथलिकांनी तेथे आपली महासभा भरविली, कारभारी मंडळ नेमले, स्वतःची मोहोरही करून घेतली. राजा चार्ल्सशी निष्ठा कायम, धर्म मात्र आपला, अशी त्यांची भूमिका होती. या मंडळाकडे १६४५ मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी जो वकील पाठविला त्याचे नाव जोवान्नी बात्तिस्ता रिनुच्चीनी. वकील हा शब्द येथे पेशवाईतल्या अर्थाने घ्यावा.

रिनुच्चीनी यांचा जन्म १५९२ चा, रोममधला. घराणे मात्र फ्लॉरेन्सचे आणि खानदानी. कायद्याचे शिक्षण झाल्यावर ते धर्मसेवेत शिरले व १६२५ मध्ये फेर्मोचे आर्चबिशप झाले. पुढे फ्लॉरेन्सचे मोठे पद चालून आले, तरी त्यांनी फेर्मो सोडले नाही. १६४४ मध्ये त्यांनी एका स्कॉटिश कॅप्युचिन साधूचे चरित्र इटालियनमध्ये लिहिले. ते पुस्तक गाजले, अनेक भाषांत गेले. साधू त्यांच्या ओळखीचा होता, देश मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यामुळे चरित्रात कल्पनेची भर बरीच पडली, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. परक्या मुलखाला इटालियन अंगरखा चढविण्याची हौस त्यांना आधीपासून होती म्हणायची!

१६४५ च्या ऑक्टोबरात बंदुका, दारूगोळा आणि पैसा घेऊन त्यांचे जहाज आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्याला लागले. नोव्हेंबरात ते किलकेनीस पोहोचले. वेशीबाहेर पन्नास विद्यार्थी घोड्यांवरून सामोरे आले. एकाने डोक्यावर पानांचा मुकुट घालून स्वागतपर कविता म्हटली. परिवारातील मंडळींनी मायदेशी धाडलेल्या पत्रांत इथल्या मासळीची सुबत्ता, स्वस्ताई आणि घराघरांतली मुलांची खिल्लारे यांचे मोठे कौतुक आहे.

आता अडचण पाहा. रिनुच्चीनींना इंग्रजी येत नव्हते. आयरिश तर नाहीच. कारभारी मंडळातले बहुतेक सरदार आणि कायदेपंडित इंग्रजीत वाढलेले. डब्लिनमध्ये राजाचा प्रतिनिधी ऑर्मंड याच्याशी तहाची बोलणी चालत ती इंग्रजीत. किलकेनीच्या किल्ल्यात रिनुच्चीनी बोलले ते लॅटिनमध्ये. कागद त्यांच्यापुढे येत ते लॅटिनमध्ये उतरवून, नाहीतर कुणाच्या तोंडून, आणि मग त्याचे इटालियन करून ते रोमला लिहीत. याच शतकात, १६७४ मध्ये, रायगडावर हेन्री ऑक्झिंडेन आला तेव्हा नारायण शेणवी हा दुभाषी सोबत होता. पण तेथे प्रश्न व्यापाराच्या कलमांचा होता. इथे प्रश्न ईश्वराचा!

सगळे अडले ते 'मोकळीक' या एका शब्दापाशी. मंडळाच्या शपथेत धर्म मोकळेपणी पाळता यावा असे कलम होते. सरदारांच्या मनात त्याचा अर्थ असा, की आपापल्या घरी निमूटपणे पूजा करावी, कोणी छळू नये. बाकीचे राजा पुढे देईल. त्यांच्या जमिनीजुमल्याचे भवितव्य राजावर अवलंबून होते, हेही विसरता येत नाही. रिनुच्चीनींच्या इटलीत धर्म म्हणजे उघडी देवळे, घंटा, भर रस्त्यातून मिरवणूक. चर्चच्या इमारती हाती नाहीत अशी मोकळीक त्यांना मोकळीकच वाटेना. दुभाष्यांनी त्यांना फसविले असे मला वाटत नाही. शब्द बरोबर उतरला होता. त्यामागचा देश उतरला नव्हता.

१६४६ च्या जुलैत ऑर्मंडचा तह जाहीर झाला. त्यात चर्चच्या इमारतींचे नाव नव्हते. रिनुच्चीनींनी वॉटरफर्डला धर्मगुरूंची सभा घेऊन, हा तह मानणाऱ्यांनी शपथ मोडली असा निर्णय दिला. सप्टेंबरात ओवेन रो ओ'नीलच्या फौजेच्या बळावर ते किलकेनीत आले आणि त्यांनी मंडळातल्या कित्येकांना कैदेत टाकले. त्यांत मंडळाचा चिटणीस रिचर्ड बेलिंग्ज होता. रोमहून येताना रिनुच्चीनींचा सहप्रवासी हाच! १६४७ च्या आरंभी शपथेत चर्चविषयीची कलमे स्पष्ट घातली गेली, पण मने जुळली नाहीत. १६४८ च्या मे महिन्यात इंचिक्विनशी झालेल्या युद्धबंदीवरून त्यांनी तिच्या पाठीराख्यांना धर्मबहिष्कृत केले. घराघरांत फूट पडली. १६४९ च्या फेब्रुवारीत ते गॉलवेहून परत निघाले. १६५० च्या मार्चमध्ये किलकेनी क्रॉमवेलच्या हाती पडले. रिनुच्चीनी १६५३ मध्ये फेर्मोत वारले.

त्यांचे कागद घराण्याने जपले. १६६० नंतरच्या दशकात दोन आयरिश कॅप्युचिनांनी फ्लॉरेन्समध्ये त्यांवरून लॅटिनमध्ये प्रचंड ग्रंथ लिहिला. इटालियन पत्रे १८४४ मध्ये फ्लॉरेन्सला छापली गेली. त्यांचे इंग्रजी भाषांतर ॲनी हटन या तरुणीने केले. आयरिश राष्ट्रवादी थॉमस डेव्हिसची ती वाग्दत्त वधू. डेव्हिस १८४५ मध्ये गेला, तीही फार जगली नाही. तिचे भाषांतर १८७३ मध्ये डब्लिनला प्रसिद्ध झाले, आणि किलकेनीत इंग्रजीत झालेली ती भांडणे लॅटिन व इटालियनमधून फिरून पुन्हा इंग्रजीत आली.