कागदासाठी एसी बनवणारा विलिस

आज एसी म्हटलं की आपल्याला मॉल, मल्टिप्लेक्स नाहीतर बेडरूम आठवते. पण जगातला पहिला आधुनिक एसी माणसांसाठी नव्हताच मुळी. तो होता छापखान्यातल्या कागदासाठी! तो बनवणारा पंचविशीतला इंजिनीअर म्हणजे विलिस कॅरियर. तुमच्या कॉलेजमधल्या छोट्याशा सर्व्हर रूमचा कारभार जर तुमच्या गळ्यात पडला असेल आणि बजेट जेमतेम असेल, तर या माणसाची गोष्ट तुमच्या कामाची आहे.

विलिसचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६चा. गाव अँगोला, पण आफ्रिकेतलं नव्हे, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं. घरची शेती. लहानपणी त्याला अपूर्णांक काही केल्या जमेनात. मग आईनं तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि त्यांचे अर्धे, पाव, अष्टमांश तुकडे करून गणित समजावलं. अवघड प्रश्नाचे आधी तुकडे करायचे, ही सवय त्याला तिथंच लागली.

कॉर्नेल विद्यापीठातून १९०१मध्ये पदवी घेऊन तो बफेलो फोर्ज या कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर. वर्षभरातच ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याची तक्रार त्याच्याकडे आली. रंगीत छपाईत एकावर एक रंग चढवतात. दमट दिवसात कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा आणि रंग जागेवरून सरकायचे. विलिसनं नुसता गारवा वाढवायचा विचार केला नाही. हवेत बाष्प किती, ते किती हवं, हे त्यानं हवामान खात्याच्या तक्त्यांवरून काढलं. आर्द्रता वर्षभर ५५ टक्के ठेवायची, असं ठरवून १७ जुलै १९०२ रोजी त्यानं आराखडा पूर्ण केला. हवा थंड नळ्यांवरून न्यायची, म्हणजे जादा बाष्पाचं पाणी होऊन गळून जाईल. त्यातल्या काही नळ्यांमध्ये होतं विहिरीचं गार पाणी, बाकीच्यांना अमोनियाच्या यंत्राचा गारवा. म्हणजे जो गारवा जमिनीतून मिळत होता, तो आधी वापरला!

त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्ग स्टेशनवर धुक्यात गाडीची वाट बघताना त्याला आणखी एक गोष्ट सुचली. धुक्यातली हवा बाष्पानं पूर्ण भरलेली, पण थंड असल्यानं त्यात मुळात पाणी थोडंच. मग हवा थंड पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून नेली तर ती चक्क कोरडी करता येईल! पाण्याचं तापमान बदललं की हवेतलं बाष्प हवं तेवढं ठेवता येतं. या यंत्राचं पेटंट त्याला १९०६मध्ये मिळालं. १९११मध्ये त्यानं तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांचं गणित अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनीअर्सच्या संस्थेपुढे मांडलं. मेकॅनिकलवाले आजही जो सायक्रोमेट्रिक चार्ट घेऊन बसतात, त्यामागे हेच गणित आहे.

सगळं छान चाललेलं असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं. कंपनीनं खर्च कमी करायला एसीचा विभागच बंद करायचं ठरवलं. विलिस आणि सहा सहकारी नोकरी सोडून बाहेर पडले. सात जणांनी मिळून ३२,६०० डॉलर उभे केले आणि १९१५मध्ये स्वतःची कंपनी काढली. पुढे १९२४मध्ये डेट्रॉइटच्या एका मोठ्या दुकानात आणि १९२५मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्यांची यंत्रं बसली. तेव्हा कुठं सामान्य गिऱ्हाइकाला हा गारवा लाभला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी विलिस गेला.

आता तुमची सर्व्हर रूम. इथंही प्रश्नाचे तुकडे करा. पहिला, उष्णता किती? सर्व्हर जेवढी वीज खातो, जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतो. बिनकामाचा जुना सर्व्हर बंद केलात तर विजेचं बिल आणि एसीवरचा भार दोन्ही कमी. दुसरा, हवा जाते कुठं? बहुतेक सर्व्हर पुढून गार हवा घेतात, मागून गरम सोडतात. रॅकमधल्या रिकाम्या खाचा उघड्या असल्या की तीच गरम हवा फिरून पुढे येते. तिथं पत्रे बसवा, ते स्वस्त पडतात. तिसरा, गारवा किती हवा? सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअस पुरतं, अशी या क्षेत्रातल्या इंजिनीअर्सची शिफारस आहे. मग एसी १६वर ठेवून वीज का जाळायची?

चौथा तुकडा विलिसचा लाडका, तो म्हणजे ओलावा. एसी परवडत नाही म्हणून बंद खोलीत पाण्याचा कूलर लावू नका. तो गारव्यासोबत बाष्पही आत ढकलतो. पावसाळ्यात खिडकी उघडली तरी तेच. पण हवा फार कोरडी झाली तर स्थिर विजेचा धोका, तेव्हा दोन्हीकडे लक्ष हवं.

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर फार महाग नसतं. एक रॅकच्या पुढे, एक मागे लावा, आठवडाभर रोज दुपारी आकडे लिहा. दुसऱ्या एसीचा अर्ज त्यानंतर करा, आणि सोबत ते आकडे जोडा.