चे गव्हेरा, दमा आणि ५०० सीसीची नॉर्टन

चे गव्हेराला तुम्ही सगळे ओळखता. म्हणजे निदान त्याचा चेहरा तरी ओळखता. टोपीवर तारा, विस्कटलेले केस, लांब कुठेतरी लागलेली नजर. कुणाच्या टी-शर्टवर, कुणाच्या बाइकच्या टाकीवर. हा फोटो अल्बेर्तो कोर्दा या फोटोग्राफरने ५ मार्च १९६० रोजी हवानात काढला. पण स्टिकर लावणाऱ्याला विचारा, हा माणूस कोण होता? दहापैकी आठ जण म्हणतील, क्रांतिकारक. त्याला दमा होता आणि तो दमा घेऊन तो मोटारसायकलवरून देश ओलांडायला निघाला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मला माहीत आहे, कारण मलाही दमा आहे. परभणीत सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसा उडतो आणि माझा पंप पर्समधून हातात येतो. आमचा ग्रुप फायनल इयरनंतर बाइकवर नेपाळला जायचं म्हणतोय आणि मीही जाणार आहे. घरी अजून पटलेलं नाही. दमेकरी पोरीने एवढ्या लांब बाइकवर जायचं नसतं, असं सगळे सांगतात. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मधेमधे इंग्रजी शब्द आले तर सांभाळून घ्या.)

एर्नेस्तो गव्हेराचा जन्म १४ जून १९२८ चा, अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरातला. दोन वर्षांचा असताना त्याला दम्याचा पहिला झटका आला. हवा कोरडी हवी म्हणून आईवडील त्याला घेऊन आल्ता ग्रासिया या डोंगराळ गावी राहायला गेले. हा पोरगा मात्र गप्प बसणारा नव्हता. तो रग्बी खेळायचा, दम लागला की मैदानाबाहेर यायचा, औषध घ्यायचा आणि परत आत जायचा. पुढे त्याने ब्युनोस आयर्सला मेडिकलला अॅडमिशन घेतली.

१९५० साली त्याने साध्या सायकलला छोटं इंजिन बसवलं आणि एकट्याने उत्तर अर्जेंटिनात सुमारे ४,५०० किलोमीटर फिरून आला. आपण मेकॅनिकलवाले ज्याला प्रोटोटाइप टेस्टिंग म्हणतो, तेच हे. म्हणून पहिली टिप: परदेशात जाण्याआधी स्वतःच्या देशात एक लांब ट्रिप करून बघा. गाडी कुठे कुरकुरते आणि आपण कुठे कुरकुरतो, दोन्ही कळतं.

मोठा प्रवास त्यानंतरचा. त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो बायोकेमिस्ट होता आणि कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम करायचा. त्याच्याकडे १९३९ सालची नॉर्टन होती, ५०० सीसीची. तिचं नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलवान. जानेवारी १९५२ मध्ये दोघे ब्युनोस आयर्सहून निघाले. एर्नेस्तो २३ वर्षांचा आणि गाडी १३ वर्षांची.

बलवान कसली! तंबू, अंथरूण-पांघरूण, सगळं सामान मागे बांधलेलं. मागे वजन जास्त झालं की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मागे सरकतं, पुढच्या चाकावर भार राहत नाही आणि हँडल हलकं पडतं. वाळूच्या आणि खडीच्या रस्त्यावर ते कितीतरी वेळा आपटले. पंक्चर तर रोजचंच. मोडलेले भाग तारेने बांधून पुढे जायचं, अगदी आपल्याकडे ट्रॅक्टरचं करतात तसं. म्हणून दुसरी टिप: जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये, म्हणजे टँक बॅगमध्ये किंवा सीटच्या दोन्ही बाजूंना. मागच्या कॅरिअरवर फक्त हलके कपडे. सोबत ट्यूब, क्लच वायर, चेनची जोडकडी, प्लग आणि पाने. आणि ते वापरता आले पाहिजेत. गॅरेजवाल्या काकांकडे दोन रविवार बसा, ते आनंदाने शिकवतात.

फेब्रुवारीत अँडीज ओलांडून ते चिलीत आले. तिथे हँडलकडचा भाग तुटला, गिअरबॉक्स गेला. शेवटी गाडी ट्रकमध्ये टाकून सँतियागोला नेली आणि तिथेच सोडली. ज्या प्रवासाला जग ‘मोटारसायकलचा प्रवास’ म्हणतं, त्याचा बराच मोठा भाग मोटारसायकलशिवाय झाला. पुढे ट्रक, बोट, तराफा आणि पायी.

आज मात्र गाडी अशी सोडून देता येत नाही. बऱ्याच देशांत आपली गाडी न्यायची तर ‘कार्ने’ लागतं. हा गाडीचा पासपोर्टच समजा. गाडी परत बाहेर नेईन, याची ती हमी असते आणि त्यासाठी मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. गाडी तिथेच राहिली तर ती रक्कम धोक्यात. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे याची चौकशी करता येते. लांबच्या देशात जायचं असेल तर गाडी जहाजाने पाठवण्यापेक्षा तिथेच भाड्याने घेणं बहुतेक वेळा स्वस्त आणि सोपं. त्यासाठी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतूनच निघतं. लायसन्स आणि पासपोर्ट दाखवायचा, मुदत एक वर्ष. नेपाळ त्यामानाने सोपा. आपल्याला व्हिसा नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आमचा रूट नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली असा आहे. सोनौलीच्या सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे कस्टमची पावती फाडायची, जितके दिवस गाडी तिकडे राहणार तितक्या दिवसांचे पैसे. आरसी बुक गाडी चालवणाऱ्याच्या नावावर असेल तर उत्तम. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना दुचाकीचा अपघात त्यात धरलाय का आणि किती सीसीपर्यंत, ते बारीक अक्षरात वाचा.

गाडी गेली आणि एर्नेस्तोला माणसं दिसायला लागली, असं मला वाटतं. गाडीवर असताना रस्ता बघावा लागतो, ट्रकच्या मागे बसलं की शेजारच्याशी बोलावं लागतं. चिलीच्या वाळवंटात एक खाणकामगार आणि त्याची बायको भेटली. कम्युनिस्ट म्हणून तो तुरुंगात जाऊन आलेला, आता काम शोधत फिरत होता. रात्री कडाक्याची थंडी आणि त्यांच्याकडे पांघरूणही नाही. या दोघांनी आपल्याकडचं एक पांघरूण त्यांना दिलं. मग चुकीकामाताची तांब्याची खाण, पेरूमधलं कुस्को, माचू पिचू. कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि आपलं परभणी ५०० मीटरच्याही खाली. म्हणून उंचावर जाताना घाई नको, एखादा दिवस जास्त थांबा.

पेरूमध्ये त्याचा दमा फार वाढला. अॅड्रिनालिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची आणि ग्रानादो ती द्यायचा. ही माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची टिप आहे: सोबतच्या माणसाला तुमचा आजार आणि औषध दोन्ही माहीत पाहिजे. लपवून ठेवू नका.

जूनमध्ये ते अॅमेझॉनकाठच्या सान पाब्लो या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिले. एर्नेस्तोचा २४ वा वाढदिवस तिथेच झाला. निघताना तिथल्या लोकांनी त्यांना तराफा बांधून दिला. कोलंबियातून जुलैत ते व्हेनेझुएलाला पोचले. ग्रानादो नोकरीसाठी तिथे थांबला, एर्नेस्तो मायामीमार्गे ऑगस्टअखेर घरी आला. १९५३ मध्ये डॉक्टर झाला आणि पुन्हा निघाला, तो कायमचाच.

पुढचं बरंच तुम्हाला माहीत असेल. ग्वाटेमालात ‘चे’ हे नाव पडलं, मेक्सिकोत फिडेल कॅस्ट्रो भेटला आणि १९५९ च्या जानेवारीत क्यूबात क्रांती झाली. त्याच वर्षी तो भारतात आला, पंडित नेहरूंना भेटला. त्याच वर्षी हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात त्याच्या हाताखाली अनेकांना मृत्युदंडही दिले गेले. टी-शर्टवर ही गोष्ट दिसत नाही, पण ती विसरून चालत नाही. पांघरूण देणारा हात आणि हा हात एकाच माणसाचा.

१९६६ च्या अखेरीस तो क्रांतीसाठी बोलिव्हियाच्या जंगलात गेला. तिथे दम्याने पुन्हा गाठलं. औषधं संपत आली होती. जुलै १९६७ मध्ये त्याच्या माणसांनी सामाइपाता हे गाव ताब्यात घेतलं, त्यात त्याच्यासाठी औषध मिळवणं हाही हेतू होता. हवं ते औषध मिळालंच नाही. लपवून ठेवलेला साठा ऑगस्टमध्ये सैन्याच्या हाती लागला. ८ ऑक्टोबरला तो पकडला गेला, ९ ऑक्टोबरला ला इगेरा गावात त्याला गोळ्या घातल्या. वय ३९. मारलं ते सैन्याने, दम्याने नाही. पण शेवटचे महिने श्वासासाठी झगडण्यात गेले, हे खरं.

क्रांतीबद्दल मत द्यायला मी अजून लहान आहे. पण दम्याबद्दल देऊ शकते. दम्याने त्याला एकाही डोंगरावर अडवलं नाही, औषध संपल्यावर मात्र हाल केले. म्हणून माझ्या बॅगेत एक पंप आणि मैत्रिणीच्या बॅगेत दुसरा असेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं ब्रँडचं नाव नाही, मूळ नाव लिहून घेतलंय, म्हणजे काठमांडूच्या मेडिकलवाल्यालाही कळेल. धुळीसाठी हेल्मेटच्या आत मास्क. उन्हाळ्यात निघणार म्हणून पहाटे पाचला स्टार्ट आणि अकराला थांबा.

आपल्या भागाला लांब जाण्याचं वावडं नाही. संत नामदेवांचं नरसी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, आणि ते तर पंजाबात घुमानपर्यंत गेले, तेही पायी. आम्ही निदान पेट्रोलवर जाणार आहोत. पप्पा हा अंक वाचतील तेव्हा त्यांना एवढंच सांगायचंय: तयारी झाली आहे, फक्त तुमची सही बाकी आहे.