विटांची साक्ष

जुन्या नगराच्या ओसाड जागी सामान्य माणसाला दगडमाती दिसते. संशोधकाला मात्र तेथे इतिहासाची पाने उलगडलेली दिसतात. ही पाने वाचण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, अशा विद्वानांत देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांची गणना होते.

देवदत्तांचा जन्म १८७५ साली झाला. थोर प्राच्यविद्यापंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांचे वडील. घरातच लाभलेल्या विद्येच्या वारशात देवदत्तांनी स्वकष्टाने भर घातली. पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी ठिकठिकाणची पडकी मंदिरे, शिलालेख आणि पांढरीची टेकाडे तपासली. १९११ साली ते खात्याच्या पश्चिम विभागाचे प्रमुख झाले.

त्याच सुमारास ते सिंधमधील मोहेंजोदडो येथे गेले. टेकाडावर भाजलेल्या विटांचा खच पडला होता. विटा अर्वाचीन धाटणीच्या दिसत होत्या; कोरीवकाम केलेली मृण्मय शिल्पे कोठेच आढळली नाहीत. तेव्हा हे गाव फार तर दोनशे वर्षांचे असावे, असा अभिप्राय त्यांनी दिला आणि ते परतले.

पुढे १९१३ ते १९१५ या काळात त्यांनी विदिशेजवळील बेसनगर येथे उत्खनन केले. तेथील एका उंच पाषाणस्तंभाला गावकरी ‘खांबबाबा’ म्हणून पूजीत. शेंदराच्या जाड थरांखाली त्यावरील ब्राह्मी लेख कित्येक वर्षे झाकला गेला होता. तक्षशिलेच्या हेलिओडोरस नावाच्या यवन वकिलाने, म्हणजे ग्रीक राजदूताने, वासुदेवाप्रीत्यर्थ तो गरुडध्वज उभारला होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजाचा दूत विष्णुभक्त झाला होता, याची ती पाषाणातील साक्ष! त्या स्तंभाभोवतीची भूमी देवदत्तांनी कुदळीने बोलकी केली.

१९१७ साली ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. इकडे १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे खणण्यास आरंभ केला. १९२४ साली जगाला कळले, की त्या विटा दोनशे नव्हे, हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत. ते सिंधू संस्कृतीचे महानगर आहे. देवदत्तांचा तो अभिप्राय चुकीचा ठरला.

एवढ्या जाणत्या विद्वानाची नजर कशी चुकली? कारण त्यांनी तेथे पाहिले, पण खणले नाही. या एका चुकीने त्यांची थोरवी मात्र उणावत नाही. सम्राट अशोकावरील ग्रंथ आणि उत्तर भारतातील कोरीव लेखांची त्यांनी केलेली सूची अभ्यासकांना मार्गदर्शक ठरली. १९५० साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, परभणी जिल्ह्यातील चारठाणा गावी जुनी हेमाडपंती मंदिरे आणि एक उंच पाषाणस्तंभ आहे. तेथे गेलात तर भग्न शिळांमधून सावकाश पायी हिंडा. जे दिसेल ते लिहून ठेवा. पण वरवर पाहून निर्णय देऊ नका. पुरावा समोर येताच आपले मत बदलण्याची तयारी असणे, हेच संशोधकाचे खरे लक्षण होय.