राजा रविवर्मा व देवतांचा वेष

शाळेच्या संमेलनात शकुंतला, दमयंती किंवा सरस्वती रंगभूमीवर आणावयाची झाली म्हणजे पहिला प्रश्न वेषाचा येतो. लुगडे कोणत्या रंगाचे असावे, पदर कसा घ्यावा, केस मोकळे सोडावे की बांधावे, याचे उत्तर शोधण्यास बहुधा कोणी पुराणग्रंथ उघडीत नाही. भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले जाते. वेषरचनेचे रीतसर शिक्षण घेणारे विद्यार्थीही जुनी चित्रे समोर ठेवूनच पोशाख सिद्ध करतात. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो त्याच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. मात्र त्यास मनाजोगे चित्र कोठे सापडेना. पुढील पिढ्यांनी जे पाहून आपले वेष शिवले, ते चित्र त्यास स्वतःच काढावे लागले.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. घराणे राजकुळाशी सोयरीक असलेले व विद्याव्यासंगी होते. मामा राजराजवर्मा हे तंजावरी पद्धतीने चित्रे काढीत. भाच्याचा हात पाहून मामांनी त्यास शिकविले आणि १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्रिवेंद्रम येथे आयिल्यम तिरुनाळ महाराजांपुढे नेऊन उभे केले.

त्या काळी तैलरंगांचे काम आपल्याकडे थोड्यांसच ठाऊक होते, आणि ज्यांस ठाऊक होते ते सांगण्यास राजी नसत. दरबारातील चित्रकार रामस्वामी नायडू यांनी या मुलास शिकविण्याचे साफ नाकारले. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारी आला. त्यानेही शिकविले नाही, फक्त काम चालू असता जवळ उभे राहून पाहण्याची परवानगी दिली. रविवर्म्यांस तेवढे पुरले. पाहून जे कळेना ते त्यांनी हात चालवून, चुकून व पुसून मिळविले.

येथे त्रावणकोरातील वस्त्रांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. त्या संस्थानात अंगावर काय घ्यावे हे आवडीवर नव्हे, तर जन्मावर ठरत असे. नाडार समाजातील स्त्रियांस वरच्या अंगावर वस्त्र घेण्याची बंदी होती. त्यांच्यापैकी ख्रिस्ती झालेल्या स्त्रिया, व त्यांचे पाहून इतरही, अंग झाकू लागल्या तेव्हा भरबाजारात त्यांचे कपडे फाडण्यापर्यंत मजल गेली, घरे जाळली गेली, दंगे झाले. अखेर मद्रास सरकारच्या दडपणामुळे १८५९ साली महाराजांनी जाहीरनामा काढून त्यांस मोकळीक दिली. तीही अशा अटीवर, की उच्च जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेऊ नये! रविवर्मा तेव्हा अकरा वर्षांचे होते. या प्रकरणाचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला हे आम्ही सांगू धजत नाही; ते सुधारक नव्हते आणि तसे त्यांनी कधी म्हणविलेही नाही. परंतु ज्या मुलखात वस्त्रावरून रक्त सांडत होते त्या मुलखात हा चित्रकार वाढला, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८७३ साली केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीचे त्यांचे चित्र मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरांच्या सुवर्णपदकास पात्र ठरले व त्याच वर्षी व्हिएन्ना येथेही गौरविले गेले. यानंतर आला शकुंतलेचा पत्रलेखनाचा प्रसंग. ते चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले आणि मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी ते छापले गेले. संस्थानिक व इंग्रज अधिकारी यांची चित्रे काढविण्यासाठी मागणी होऊ लागली. त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा हेही चांगले चित्रकार. ते सावलीसारखे बरोबर असत आणि पत्रव्यवहार, हिशेब व चित्रांतील कित्येक कामे सांभाळीत. अशा बंधूचे नाव लोकांच्या तोंडी फारसे राहिले नाही, याची आम्हांस खंत वाटते.

त्यांचा मराठी मुलखाशी संबंध जुळला तो बडोद्याच्या वाटेने. त्रावणकोरचे पूर्वीचे दिवाण सर टी. माधवराव हे दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी कुळातले. ते पुढे बडोद्याचे दिवाण झाले. १८८१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकारप्राप्तीच्या समारंभास रविवर्मा बडोद्यास गेले. १८८८ साली महाराजांनी त्यांस रामायण-महाभारतांतील प्रसंगांची चौदा चित्रे काढण्यास सांगितले.

आता अडचण उभी राहिली. सीतेने नेसावे काय? दमयंती विदर्भाची, शकुंतला हिमालयाच्या पायथ्याची, सत्यवती गंगा-यमुनेच्या काठची. मंदिरांतील भित्तिचित्रे होती, मूर्ती होत्या, मामांची तंजावरी चित्रेही होती. परंतु तेथील देवता देव्हाऱ्यातच शोभणाऱ्या, सोन्याच्या वर्खाने व काचमण्यांनी मढविलेल्या. रविवर्म्यांस हवी होती ती रडणारी, रुसणारी, वाट पाहणारी स्त्री. दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानात कित्येक महिने हिंडले. प्राचीन वेषाचा काही अवशेष कोठेतरी जिवंत असेल, अशी त्यांची आशा होती. प्रत्यक्षात दिसले ते असे, की प्रत्येक प्रांताचा वेष निराळा. कोठे घागरा व ओढणी, कोठे सलवार, कोठे सहावारी, कोठे नऊवारी. सर्व हिंदुस्थानचा म्हणता येईल असा वेष सापडला नाही.

मग त्यांनी जे केले तो शोध नव्हता, निवड होती. स्वतःच्या मुलखातील मुंडू त्यांनी देवतांस दिला नाही, साडी दिली. ती नेसविण्याच्या तऱ्हेत दक्षिणेचे व आमच्या महाराष्ट्राचे वळण मिसळले, आणि दागिने ठिकठिकाणचे घेतले. इतिहासाच्या काट्यावर तोलले तर यातले पुष्कळसे टिकणार नाही. तथापि त्या साडीकडे नीट पाहावे. तंजावरी चित्रात सोने म्हणजे खरा वर्ख; रविवर्म्यांच्या चित्रातील जरीच्या काठात सोन्याचा कणही नसतो. पिवळ्याशेजारी तपकिरी, त्यावर पांढऱ्याचा एक निसटता फटकारा, एवढ्यावर काठ झळकतो. रेशीम गुडघ्याशी ताणले म्हणजे कसे चमकते, निऱ्यांच्या आत कसे काळवंडते, पातळ पदराखालून दंड कसा दिसतो, हे त्यांनी जेन्सनच्या मागे उभे राहून चोरलेल्या विद्येने दाखविले. लोकांस ती सीता शेजारच्या घरातील वाटली, म्हणूनच ती खरी वाटली. चित्रे बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्यात लावण्यापूर्वी लोकांस खुली केली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली.

वेषांतील भेद त्यांस दिसत नव्हते असे मात्र नाही. १८८९ सालच्या सुमाराच्या एका चित्रात त्यांनी निरनिराळ्या प्रांतांच्या व धर्मांच्या अकरा गायिका-वादिका एकत्र बसविल्या आहेत. वीणा घेतलेली नायर स्त्री आपल्या मुंडूतच आहे. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनास पाठविलेल्या दहा चित्रांचा विषयही नाना जातींच्या हिंदी स्त्रिया हाच होता, व त्यांस दोन पदके मिळाली.

राजवाड्यातील चित्र किती जण पाहणार? चित्रांच्या रंगीत प्रती छापाव्या, ही सूचना माधवरावांनी पूर्वीच केली होती. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला. जर्मनीहून यंत्रे व कारागीर आले. प्रत्येक रंगास निराळा दगड लागे, आणि एकावर एक छाप तंतोतंत बसला तरच चेहरा उमटे. शकुंतलाजन्म हे आरंभीच निघाले. मग कमळावरची लक्ष्मी व शुभ्र वस्त्रातील सरस्वती. हे कागद गावोगावच्या बाजारांत विकले गेले. ज्यांस देवळाची पायरी चढण्याची मनाई होती त्यांच्याही घरी हे देव गेले, आणि जी साडी राणीच्या चित्रात तीच त्यांच्या भिंतीवरील लक्ष्मीच्या अंगावर होती.

धंदा मात्र साधला नाही. मुंबईत प्लेगाने कहर केला, कर्ज वाढले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. त्याच्या हातून तो पुढे पुष्कळ वर्षे चालला.

ती चित्रे मग कागदावर राहिली नाहीत. मराठी रंगभूमीवरील नायिकांचे नेसणे, उभे राहणे, मान वळविणे यांत रविवर्म्यांची छाया जाणकारांस दिसते. बालगंधर्वांविषयी तर हे विशेषच बोलले जाते. दादासाहेब फाळके यांनी या छापखान्याचे काम काही काळ केले होते. १९१३ साली त्यांनी राजा हरिश्चंद्र चित्रपट काढला तेव्हा तारामतीच्या कामास स्त्री मिळेना. अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडे नेसून ते केले, आणि त्यातील राजकुटुंबाची मांडणी रविवर्म्यांच्या चित्रांची आठवण करून देते.

कलकत्त्याच्या बाजूने टीका झाली, आणि ती कडक झाली. कुमारस्वामी व भगिनी निवेदिता यांस ही चित्रे परक्या वळणाची व नाटकी वाटली. नाटकीपणाचा आरोप अगदीच खोटा नव्हे. कित्येक चित्रांतील ऋषी व राजे दिव्यासमोर उभ्या नटांसारखे भासतात. परंतु भिंतीवरून ते उतरविण्यास कोणी तयार झाले नाही.

१९०५ च्या आरंभी राजराजवर्मा वारले. रविवर्म्यांचा उजवा हात गेला. मधुमेहाने प्रकृतीही ढासळली होती. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९७९ साली भारत सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर नेण्यास बंदी केली.

त्यांच्या हयातीतच, १९०० साली, त्यांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या. त्यांतील सेतू पार्वतीबाई यांचे चिरंजीव श्री चित्रा तिरुनाळ पुढे गादीवर आले. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी संस्थानातील देवळे सर्व जातींच्या हिंदूंस खुली करणारा जाहीरनामा निघाला. त्याखाली सही होती ती रविवर्म्यांच्या या पणतूची.