हाफकिन आणि बाटली क्रमांक ५३-एन

अकोटच्या आमच्या सरकारी दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी एखादी आई हमखास विचारते, की बाजूच्या गावात सुई दिल्यावर लेकरू दगावलं म्हणतात, ते खरं का? मी या प्रश्नाला हसत नाही. याच प्रश्नाने एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या आयुष्याची पाच वर्षे खाल्ली.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू असल्यामुळे रशियात त्यांना प्राध्यापकी मिळाली नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते आधी ग्रंथालयात सहायक म्हणून लागले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. पुढल्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी काही महिन्यांतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. लस न घेतलेल्या कैद्यांत प्लेग जास्त आढळला आणि मृत्यूही जास्त झाले.

त्या काळात मुंबईत अफवांना ऊत आला होता. रुग्णालयात नेलेल्या माणसांच्या शरीरातून औषधी तेल काढतात, असे लोक बोलत. गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. तेलाची गोष्ट खोटी होती. पण घरात घुसून रोग्यांना उचलून नेले जात होते, हे खरे होते. या खऱ्या धाकावरच ती अफवा पोसली गेली.

यानंतर जे घडले ती मात्र अफवा नव्हती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. लस मुंबईच्या परळ प्रयोगशाळेतून गेली होती. तिथे लसीत कार्बोलिक अ‍ॅसिड घालणे बंद करून उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत सुरू झाली होती. चौकशी आयोगाने त्यावर बोट ठेवले, दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले.

पण धनुर्वात झालेल्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. तिचा क्रमांक ५३-एन. त्या दिवशी फोडलेल्या बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी आली नव्हती. बाटली उघडण्याआधी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही साक्षीत आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात. म्हणजे लस निर्दोष होती. घाण गेली ती बाटली उघडताना.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला. मलेरियावरील संशोधनासाठी गाजलेल्या रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये वर्तमानपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. तोवर मुंबईतली जागा भरली गेली होती, म्हणून निवृत्तीपर्यंत त्यांनी कलकत्त्यात काम केले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

म्हणून त्या आईला मी अफवा आहे म्हणून वाटेला लावत नाही. लेकरू कोणत्या गावचे, सुई कधी दिली, त्रास किती वेळाने झाला, त्याच बाटलीतून आणखी कोणाला दिली आणि ते कसे आहेत, हे विचारतो. कधी उत्तरात गावाचे नावच निघत नाही. कधी निघते, तेव्हा ते आम्ही वर कळवतो. अशा चौकशीसाठी आज जिल्हा पातळीवर समिती असते. लसीनंतर लेकराला जास्त त्रास झाला, तर लसीकरणाचे कार्ड घेऊन लगेच दवाखान्यात या. आधी गावभर सांगू नका, आणि घरात दडवूनही ठेवू नका.