हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

‘एक अलबेला’ (२०१६) पाहिलाय? मग भगवानदादा आणि सी. रामचंद्र ही जोडी तुम्हाला माहीत असणार. पण भगवानदादांच्या मूळ ‘अलबेला’त (१९५१) आणखी एक भारी माणूस आहे. स्वतःच्या बँडसकट तो पडद्यावरही दिसतो. त्याचं नाव चिक चॉकलेट.

खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. आईला वाटायचं, पोराने मेकॅनिक व्हावं, असं सांगतात. पोराच्या डोक्यात मात्र संगीतच. आज पनवेलला गाडीत बसलं की कोकण रेल्वे थेट गोव्यात सोडते. तेव्हा गोव्याहून मुंबईला बोटी चालत. पोटासाठी आलेल्या कितीतरी गोवेकर वादकांना या शहराने काम दिलं. अँटोनिओ त्यातलाच एक.

लुई आर्मस्ट्राँग हे त्याचं दैवत. वाजवणं त्याच्या ढंगाचं, गाणंही तसंच घोगऱ्या आवाजातलं. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड गाजला.

आता जरा वाद्याकडे बघू. ट्रम्पेटला तीनच व्हॉल्व्ह. मधला दाबला की स्वर अर्ध्या पट्टीने उतरतो, पहिला एका पट्टीने, तिसरा दीड पट्टीने. पहिला-दुसरा मिळूनही दीडच होतात, म्हणून नळीच्या वेगवेगळ्या लांब्या मिळतात फक्त सात. वरातीच्या बँडमधला ट्रॉम्बोन आठवा. तोही याच सात जागा वापरतो, पण स्लाइड पुढे-मागे सरकवून. बास ट्रॉम्बोनला तर अंगठ्याचा व्हॉल्व्हही असतो. तो दाबला की जादा नळी उघडते, वाद्य बी फ्लॅटवरून खालच्या एफवर जातं आणि हात लांबवर न ताणता खर्जातले स्वर मिळतात.

स्लाइडवर मींड सहज निघते. ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हवर स्वर पायऱ्यांसारखे सुटे पडतात. ते वाकवायचे तर ओठ आणि श्वास यांच्यावरच भिस्त. जॅझवाल्यांनी नेमकं हेच कसब कमावलं होतं, आणि आपल्या गाण्याला तेच हवं होतं.

पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि चिक इथेच जुळले. मराठी माणसाच्या चाली आणि गोव्याच्या माणसाचं जॅझ, असा तो संगम. पुढे चिकने मदन मोहन यांनाही साहाय्य केलं. ‘नादान’सारख्या (१९५१) सिनेमाला स्वतः संगीत दिलं.

पण लोकांच्या लक्षात राहतात ते गायक आणि संगीतकार. चाल कागदावर उतरवणारा, कुठल्या वाद्याने कधी शिरायचं ते ठरवणारा अरेंजर आणि समोर बसलेले वादक मागेच राहतात. गोव्याच्या कित्येक कलाकारांच्या वाट्याला हेच आलं. चिक त्यातल्या त्यात नशीबवान, त्याचा चेहरा तरी पडद्यावर राहिला.

१९६७मध्ये तो गेला. पन्नाशी नुकतीच उलटली होती.

आज हेडफोन लावून ‘अलबेला’ची गाणी ऐका. एकदा लताबाईंसाठी आणि दुसऱ्यांदा फक्त ट्रम्पेटसाठी. दुसऱ्या वेळी ऐकाल ते गाणं वेगळंच असेल.