नदीपार नेणारा उषवदात

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात एका शक राजपुरुषाचे अवघे चरित्र शिलालेखांतून कोरलेले आहे. तो उषवदात, म्हणजेच ऋषभदत्त. दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात. त्या काळात यवनांची गलबते समुद्र ओलांडून भडोच बंदरी येत; पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून तेथे पोहोचे. मात्र किनाऱ्याने जाणाऱ्या वाटसरूला नद्या आडव्या येत. नाशिकच्याच डोंगरांत उगम पावणाऱ्या पार व दमणगंगा, तसेच तापी, डहाणूची खाडी अशा सहा ठिकाणी उषवदाताने विनामूल्य नौका ठेवल्या. दोन्ही तीरांवर निवारे आणि पाणपोया उभारल्या. भडोच, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या.

मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडविण्यासाठी तो उत्तरेकडे गेला. विजयानंतर पुष्करात स्नान करून त्याने ३००० गाई आणि एक गाव दान दिले. लेण्यातील भिक्षूंच्या चीवरांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणांची अक्षय ठेव ठेवली. खर्च फक्त व्याजातून व्हायचा.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता उलथून टाकली. १९०६ मध्ये जोगलटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या हजारो नाण्यांवर विजेत्याचे ठसे पुन्हा उमटविलेले आढळले. उषवदाताच्या ताब्यात असलेले शेतही सातकर्णीने भिक्षूंना देऊन टाकले. ती आज्ञा याच डोंगरातील तिसऱ्या लेण्यात आहे. राज्य गेले, शेत गेले. वाटसरूंसाठी ठेवलेल्या नौकांचा लेख मात्र कोणी पुसला नाही.